चपातीचा सराव

गुरुवार, २८ नोव्हेंबर १९९६. कळस

इंदापूरच्या स्थळाचा नकार आला. चिठ्ठी नाही, नुसता निरोप. "मुलगी चांगली आहे, पण तब्येतीचं काहीतरी कानावर आलं." कानावर कुणी घातलं हे शोधायची गरज नाही. परवाच्या लग्नात सगळ्यांनीच पाहिलं. पंगत बसली, पत्रावळीवर पुऱ्या आणि बुंदी आली आणि आमच्या सुकन्यानं पिशवीतून डबा काढला. ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी. शेजारच्या बाईनं विचारलं, "का गं, आमचं अन्न चालत न्हाय व्हय?" सुकन्या खरं सांगून मोकळी झाली. गहू खाल्ला की त्रास होतो, म्हणाली. दोन पंगती उठेपर्यंत ते इंदापूरच्या मुलाच्या मावशीपर्यंत पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचा आतड्याचा रोग झाला होता.

रोग म्हणण्यासारखं काही नाही. दीड वर्षापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला, तपासला आणि कागदावर लिहून दिलं: गहू, रवा, मैदा, जव आयुष्यभर बंद, एक घाससुद्धा नको. त्याला मी पथ्य म्हणतो. त्याआधीचे तिचे हाल मी पाहिलेत. एकोणीस वर्षांची मुलगी, वजन अठ्ठावीस किलो. पुण्याच्या गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा ती परत कळसला येईल असं वाटत नव्हतं. आज ती बेचाळीस किलोची आहे. बालवाडीत शिकवते. नवख्या माणसाला सांगूनसुद्धा खरं वाटणार नाही.

पण लग्न म्हटलं की चार ठिकाणी जेवायला जावं लागतं. दर ठिकाणी डबा काढून कसं चालेल?

बावीस वर्षं मी शाळेत शिकवतोय. पाढा न येणाऱ्या पोराला मी कधी ढ म्हटलं नाही. सराव कमी पडतो, एवढंच असतं.


रविवार, १ डिसेंबर

सोनबा येऊन गेला. हा माझ्या बायकोचा, शालनचा, लांबचा भाऊ, लग्नं जमवतो. कऱ्हाटीचं स्थळ आणलंय. मुलगा मानसिंग, बारामती एमआयडीसीत सुपरवायझर, मोटरसायकलवर जाऊन येऊन करतो. वडील सावळाराम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आपल्यासारखीच माणसं, आजोबांपर्यंत मेंढरं, नंतर शाळा आणि नोकऱ्या.

"एक हाय गुरुजी," सोनबा म्हणाला. "घरात पोराच्या आईचा शब्द चालतो. मागल्या साली तिनं एक चांगली पोरगी नाकारली. का, तर जेवताना नुसतं चिवडत व्हती. जिला नीट खाता येत न्हाय ती पुढं काय करणार, म्हणली."

मुलाचं म्हणणं असं की पोह्यांचा कार्यक्रम नको. दोन्ही घरांनी बारामतीत हॉटेलात बसून जेवू, बोलू. बारा जानेवारी ठरली.

जाताना सोनबानं हळूच विचारलं, "पोरीचं ते गव्हाचं?"

"ते बरं झालं," मी म्हणालो.

संध्याकाळी सुकन्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, आधीच सांगून टाकूया ना. त्यांना चाललं तर चाललं."

"आणि नाही चाललं तर?"

"तर नाही."

एकवीस वर्षांच्या मुलीला हे सोपं वाटतं. मागं धाकटी दिपाली आहे, तिचा विचार कुणी करायचा? मी म्हणालो, "एका जेवणाचा प्रश्न आहे. नंतर तुझ्या घरात तू भाकरी खा, कोण बघायला येतंय? फक्त त्या दिवशी चारचौघींसारखं जेवता आलं पाहिजे. आपण तयारी करू."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "एकदाच ना?"

"एकदाच," मी म्हणालो. तयारी त्यात धरली नव्हती, पण ते तिला समजलं असावं.

पुण्याचा कागद ट्रंकेत तळाला ठेवला आहे.


रविवार, ८ डिसेंबर. इंदापूर

पहिला पाठ. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ घेतली, तिच्या वाट्याला अर्धा पाव. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे वेळ नीट कळेल.

तिनं पाव रश्शात न बुडवता आधी नुसताच खाल्ला. म्हणाली, "अण्णा, किती मऊ असतो हो. विसरलेच होते." लहानपणी पावासाठी हट्ट करायची ते आठवलं. मलाही बरं वाटलं.

दोन तास दहा मिनिटांनी, परतीच्या एस.टी.त, गाडी थांबवावी लागली. कंडक्टर भला माणूस होता. ओढ्याच्या काठाला बाभळीआड ती गेली आणि मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. लोक खिडकीतून बघत होते. वर चढताना तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

सुरुवात म्हणून वाईट नाही. दोन तासांत जेवण उरकतं.


रविवार, १५ डिसेंबर

मेडिकलमधून जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या. जेवणाआधी दोन. आज अख्खा पाव खाल्ला आणि काही झालं नाही. पोट मात्र फुगून टणक झालं. घरी आल्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडून आहे.

शालननं तिच्या पोटावर गरम फडकं ठेवलं. माझ्याशी दिवसभर बोलली नाही. झोपताना एवढंच म्हणाली, "अवो, पोरगी हाय ती. शाळंतली पाटी न्हाय."

बायकांना लांबचं दिसत नाही.


बुधवार, १८ डिसेंबर

तीन दिवस बालवाडी बुडाली. तोंड आतून सोललंय. ताकभातावर आहे.


रविवार, २२ डिसेंबर. बारामती

आज मुद्दाम चांगल्या हॉटेलात नेलं, टेबलावर कापड घालतात तसल्या. बारा तारखेला असंच असणार. नुसतं खाणं पुरेसं नाही, खाताना चेहरा कसा ठेवायचा तेही शिकायला हवं. घास बेताचा घ्यायचा, चावताना कपाळाला आठी नको, मधूनमधून बोलायचं. मी समोर बसून मुलाच्या बापाची भूमिका केली. "काय शिकवता बालवाडीत?" असं विचारलं. तिला हसू आलं. मग दोघंही हसलो.

एक चपाती पूर्ण खाल्ली. मग उठून हात धुवायच्या जागी गेली. तिथं ओकली. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं, टिकली सरळ, आणि बसता बसता मला म्हणाली, "बालवाडीत गाणी शिकवते." चेहऱ्यावर काही नाही! पोऱ्यानं विचारलं, "ताईंना बरं न्हाय का?" मी म्हणालो, गाडी लागली. मनात शाबासकी दिली.

परतीला माझ्या खांद्यावर झोपली. फार हलकी वाटली.


गुरुवार, २६ डिसेंबर

विचार करता चूक सापडली. फक्त रविवारी पुस्तक उघडणारा मुलगा पास कसा होईल? रोज थोडं थोडं पाहिजे, म्हणजे आतड्याला सवय होते. शिवाय माझं ठाम मत झालंय की तिचं अर्धं दुखणं भीतीचं आहे. समोर गहू दिसला की मन आधी घाबरतं, पोट नंतर दुखतं. दिसलाच नाही तर?

घरची ज्वारी दळायला मीच सायकलवर नेतो. गिरणीवाल्या गेणूला सांगितलं, पायलीमागं एक ओंजळ गहू टाकत जा.

"का वो गुरुजी? सुकन्याताईंना चालत न्हाय ना? तुमीच तर सांगितलं व्हतं, दुसऱ्याची ज्वारी दळून झाल्याबिगर आपली घालायची न्हाय म्हणून."

"डॉक्टरांनीच सांगितलंय आता. हळूहळू सवय लावायची."

गेणू माझ्याकडं चौथीपर्यंत होता. त्यानं पुढं विचारलं नाही.

घरी काही बोललो नाही. शालनला सांगितलं तर तिच्या तोंडावर दिसेल.


रविवार, २९ डिसेंबर

आज हॉटेल नाही, विश्रांती दिली. सुकन्यानं स्वतः भाकरी केल्या. "आई, या वेळचं पीठ किती छान आलंय," म्हणाली. "थापताना तुटतच नाही. बघ, केवढी झाली." परातीएवढी भाकरी दोन्ही हातांवर तोलून दाखवली. सगळ्यांनी कौतुक केलं. मी दोन खाल्ल्या.


गुरुवार, २ जानेवारी १९९७

सोमवारपासून पुन्हा त्रास. बाहेरचं काही खाल्लेलं नसताना का, हे तिला कळेना. तिला वाटलं चपातीचा तवा आणि तिचा तवा कुठंतरी एक झाला. आज सकाळी तिचा तवा राखेनं घासला, मग विटेच्या भुकटीनं घासला. परात उन्हात ठेवली. फडकी उकळली. दिपालीनं कणकेच्या हातानं पिठाच्या डब्याचं झाकण काढलं असणार म्हणून तिला फाडफाड बोलली. दिपाली शपथा घेत रडली. सुकन्या असं कधी बोलत नाही.

मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. इतकी नीटनेटकी मुलगी ज्या घरात जाईल त्या घराचं भाग्य, असं वाटून गेलं.

सांगून टाकावं असं एकदा ओठावर आलं. पण दहाच दिवस राहिलेत. आता थांबलो तर केलेलं सगळं वाया जाईल, आणि तिला झालेला त्रासही फुकट जाईल.


बुधवार, ८ जानेवारी

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "अण्णा, आता घरातलंसुद्धा सोसत नाही मला. मी खाऊ काय?"

मला एकदम सुचलं. म्हणालो, "म्हणजे बघ. ज्वारीची भाकरी खाऊनही होतंय. मग गव्हाचा संबंधच कुठं राहिला? डॉक्टरांचंच चुकलं असेल. मग चपातीला भ्यायचं कशाला?"

तिनं विचारलं, "तसं असेल का हो?"

"असेलच."

"मग दीड वर्ष मी उगीचच..." तिला पटलं असावं. शालन चुलीपाशी होती. तिचे हात भांडी घासून घासून फुटलेत.


रविवार, १२ जानेवारी. बारामती

पार पडलं. सविस्तर लिहून ठेवतो.

निघताना गोळ्या चार दिल्या. ते चौघं आले: सावळारामराव, त्यांच्या मंडळी विजयमालाताई, मानसिंग, त्याची धाकटी बहीण. दोन टेबलं जोडून बसलो. मुलगा उंच, बोलणं हळू. सावळारामरावांनी पनीरची भाजी, शेवभाजी, चपात्या, भात सांगितला. ही माणसं खर्चाला मागंपुढं बघत नाहीत.

ताटं आली आणि विजयमालाताईंनी मांडीवरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली भाकरी काढली. मानसिंग लाजला. "आई, इथं तरी."

"मला बाई हे हाटेलातलं पचत न्हाय," त्या हसून म्हणाल्या. "दगडावानी बसतं पोटात. आमी जिराईत माणसं, बाजरीवर वाढलेली." मग भाकरी मोडली आणि अर्धी सुकन्यापुढं धरली. "घेती का गं? सकाळचीच हाय."

सुकन्याचा हात पुढं झाला. मी चटकन म्हणालो, "नको नको ताई, तिला चपातीच आवडते. भाकरी जड जाते तिला."

तिनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. विजयमालाताई क्षणभर तशाच अर्धी भाकरी धरून राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि खाऊ लागल्या. वेळेवर सुचलं म्हणून निभावलं.

सुकन्यानं अडीच चपात्या खाल्ल्या. मानसिंगनं विचारलं, "बालवाडीतली पोरं ऐकतात का तुमचं?" ती म्हणाली, "ऐकत नाहीत, पण मी गायला लागले की गप्प बसतात. मग घाबरून बसतात की आवडतं म्हणून, ते माहीत नाही." सगळे हसले. मानसिंगही हसला आणि तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. हे मी शिकवलेलं नव्हतं.

उठताना विजयमालाताई म्हणाल्या, "जेवती चांगली. पण घाम किती सुटलाय गं तुला?"

"उकाडा आहे," मी म्हणालो.

स्टँडवर ती बाकावर आडवी झाली. पोट धरून, आवाज न करता. दोन गाड्या सोडाव्या लागल्या. शालन तिचं डोकं धरून बसली होती. मी म्हणालो, संपलं बघ आता. सुकन्या म्हणाली, "मला ती भाकरी पाहिजे होती."


मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

होकार! सोनबा पेढे घेऊनच आला. साखरपुडा दोन फेब्रुवारीला, कऱ्हाटीला. मुलगा म्हणे घरी सांगत होता, हीच.

सुकन्याला सांगितलं. अंथरुणावरच होती. हसली. मग विचारलं, "साखरपुड्याला जेवायला काय असेल?"

जिलेबी असणार. एक-दोन पुऱ्या. साखरपुड्याला नवरामुलगा घास भरवतो, तो तोंडातून काढता येत नाही. म्हणून पीठ तसंच चालू ठेवलंय. वीस दिवसांसाठी थांबवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, यात काही अर्थ नाही.


मंगळवार, २१ जानेवारी

पाय सुजलेत. बोटानं दाबलं की खड्डा राहतो. शालन म्हणते दवाखान्यात नेऊ. साखरपुड्याच्या तोंडावर दवाखान्यात कुणी बघितलं तर? दोन तारीख जाऊ दे म्हणालो.


रविवार, २६ जानेवारी. बारामती, दवाखाना

झेंडावंदनाला ती येऊ नको म्हटलं तरी बालवाडीची पोरं घेऊन आली. गाणं म्हणायला उभी राहिली आणि पोरांच्या मधोमध खाली बसली. उठवायला गेलो तर हातपाय वाकडे झालेले, बोटं वळलेली, बोलता येत नव्हतं. सरपंचाच्या जीपमधून इथं आणलं. अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत, रक्त निम्म्यावर आलंय, असं म्हणतात. दोन सलाईनी चालू आहेत. वजन एकतीस.

डॉक्टर तरुण आहेत. पूर्वीचा आजार शालननंच सांगून टाकला. मग त्यांनी विचारलं, "घरी काय खात होती?"

"ज्वारीची भाकरी," शालन म्हणाली. "दुसरं काय न्हाय, सायब. हाटेलात चार वेळा खाल्लं, तेवढंच."

"चार वेळच्या खाण्यानं ही अवस्था होत नाही. हिच्या पोटात रोज गहू जातोय. स्वयंपाक कोण करतं? तुम्हीच ना? पोरीला मारायचं होतं का, बाई?" वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं.

शालन माझ्याकडं बघत राहिली. मी सांगणार होतो. पण डॉक्टर रागात होते, आणि सांगितल्यानं सलाईन काही लवकर संपली नसती. शालन बाहेर जाऊन जिन्यात बसली. पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तवा तर येगळा हाय. तवा तर येगळाच हाय."

 


शुक्रवार, ३१ जानेवारी

विजयमालाताई आल्या, मागं मानसिंग. कुणीतरी कळवलंच. मी उठून काही सांगू लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. आधी सुकन्यापाशी बसल्या. बरोबर किटलीत बाजरीची आंबील होती. डॉक्टरांना विचारून आणली होती. चमच्यानं तिला पाजली, सगळी. तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळल्या.

"आमच्यात गहू सणावाराला, गुरुजी. रोज बाजरी. ही पोरगी आमच्या घरात जल्मभर सुखानं जेवली असती. एक शब्द सांगायचा व्हता."

मला धीर आला. "मग ताई, अजून काही बिघडलेलं नाही..."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या दुखण्याचं काय न्हाय. मी भाकरी पुढं केली तवा तिचा हात आला व्हता. तुमी तिच्या तोंडाफुडनं ती काढली. ते मी बघितलं, अन् तवा मला कळलं न्हाय. तुमच्याशी सोयरीक नको आमाला."

मानसिंग दाराशी उभा होता. तो काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडं पाहिलं. तो सुकन्याकडं बघत होता. सुकन्यानं डोळे मिटून घेतले होते, पण ती झोपलेली नव्हती. आई निघाली तसा तोही गेला.

इतक्या दिवसांची मेहनत. आणि बाजरी! सोनबानं हे आधी सांगायला नको होतं का?


सोमवार, ३ फेब्रुवारी

शालन कपडे आणायला काल गावी गेली होती. आज दुपारी आली. पिशवी खाली ठेवली नाही, बसली नाही. सुकन्याच्या पायाशी उभी राहून बोलली, माझ्याकडं न बघता.

"दळाण घेऊन गेले व्हते. म्या म्हणलं दवाखान्यात भाकरी करून न्यावी. गेणू म्हणला, वयनी, गहू टाकू ना? गुरुजींनी सांगितलंय, पायलीला ओंजळ."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळून ऐकू लागली.

सुकन्या उशाला टेकून बसली होती. "कधीपासून?" तिनं मला विचारलं. आवाज चढवला नाही.

"नाताळापासून," मी म्हणालो. "तुझ्याचसाठी. सवय व्हावी म्हणून. तुला समजलं असतं तर तू घाबरली असतीस."

ती काहीतरी आठवत राहिली. मग म्हणाली, "मी तवा घासत होते, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होता."

"सुकन्या..."

"दिपालीला मी किती बोलले. तुम्ही पेपर वाचत होता."

मी जवळ गेलो तर तिनं पाय वर ओढून घेतले. शालन मध्ये येऊन उभी राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती कधी अशी मध्ये उभी राहिलेली नाही. "बाहीर व्हा," म्हणाली.

बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. मी मारझोड केली नाही, उपाशी ठेवलं नाही, दारू प्यायलो नाही. गावात असे बाप आहेत. त्यांच्या मुली त्यांच्या पाया पडतात.


मंगळवार, २५ मार्च

तिघी इंदापूरला म्हस्कूकडं आहेत. हा शालनचा भाऊ, बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवतो. दवाखान्यातून त्या परस्पर तिकडंच गेल्या. दिपालीची परीक्षासुद्धा तिथूनच झाली. मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

गेणूनं गिरणीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेलं दिसतंय. आज वर्गात भागाकार शिकवत होतो, मागच्या बाकावरचं एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "ओंजळभर." मी छडी उचलली. मग ठेवली.


रविवार, ११ मे

सुट्टी लागली म्हणून इंदापूरला जाऊन आलो. न कळवता गेलो.

दार सुकन्यानंच उघडलं. अंगावर मूठभर मांस आलंय. केस गळाले होते ते कानामागं बारीक उगवतायत. "या," म्हणाली. पाणी दिलं. शालन आतून आली नाही, दिपाली शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून बसली होती. म्हस्कू दुकानात होता.

मी शाळेतलं सांगितलं, पावसाचं सांगितलं. तिनं सांगितलं की जूनपासून इथल्याच एका बालवाडीत लागणार आहे. मानसिंगचं लग्न झाल्याचं तिनंच सांगितलं, निंबूतची मुलगी. वाईट वाटल्यासारखी बोलली नाही. मी म्हणालो, "घरी चल आता." ती उठली. म्हणाली, "उन्हातून आलात. जेवून जा."

मला भरून आलं. तीन महिन्यांत कुणी जेवून जा म्हटलं नव्हतं.

तिनं स्वतः केलं सगळं. गरम भाकरी, भाजी, वर तेल घालून लसणाची चटणी, तांब्या. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि समोर भिंतीला टेकून बसली.

"तू?" मी विचारलं.

"मी नंतर खाते. एकटीच खाते आता."

मी भाकरी मोडली. भाजी लावून घास उचलला, आणि हात तोंडापाशी थांबला. का थांबला, मला सांगता येणार नाही. मला कसलंही पथ्य नाही. माझी मुलगी आहे ती, तिनं माझ्यासाठी रांधलेलं होतं. पण हात पुढं जाईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मशीन थांबली होती. दिपाली बघत होती.

सुकन्याही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, समाधान दिसलं नाही. तिला जे बघायचं होतं ते बघून झालं असावं.

"खा अण्णा," ती म्हणाली. "काही नाही त्यात."

मी सगळं खाल्लं. चटणीसुद्धा पुसून खाल्ली. तिनं ताट उचललं, बाहेर दगडावर नेऊन घासलं, आणि आत न आणता तिथंच उन्हात पालथं घातलं.

कळसची गाडी साडेपाचला होती. मी तिच्या दारातून निघालो तेव्हा दोन वाजले होते.